‘पुन्हा पाहिल्यास ओळखीन’: डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीचं वजन किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याच्या ताईनं सहा वर्षांपूर्वी गॅलरीतून समोरच्या रस्त्यावर झालेला चाकूहल्ला पाहिला. तिनं पोलिसांना जबाबही दिला. आता सत्र न्यायालयाचं समन्स आलंय आणि हल्लेखोराचा चेहरा तिला नीटसा आठवत नाही. ओळखता आलं नाही तर तिला फितूर ठरवतील का? आणि इतक्या वर्षांनी एकानं बोट दाखवलं म्हणून दुसऱ्याला जन्मठेप होते, हा कुठला न्याय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी देतो. दुसरा प्रश्न मात्र माझ्या अख्ख्या वकिलीला पुरलाय. मी २४ वर्षं फौजदारी काम करतो, त्यातली पहिली सहा सरकार पक्षाकडून आणि पुढची बचावाकडून. सरकारी वकील होतो तेव्हा डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार हाती आला की खटला निम्मा जिंकला असं वाटायचं. बाजू बदलली आणि तेच साक्षीदार उलट्या बाजूनं पाहायला लागलो. तेव्हा कळलं की खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराची आम्हा वकिलांना फारशी भीती नसते. तो उलटतपासात कुठे ना कुठे सापडतो. भीती असते ती खरं बोलणाऱ्या, पण चुकलेल्या साक्षीदाराची. त्याचा आवाज कापत नाही, नजर चुकत नाही, लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं. आपली सगळी न्यायालयीन पद्धत, शपथेपासून उलटतपासापर्यंत, खोटारडा पकडण्यासाठी बांधलेली आहे. प्रामाणिक चूक त्या चाळणीतून सहज खाली उतरते.

एक खटला सांगतो. २००७ च्या आसपासचा. गावात भावकीतलं भांडण, रात्री साडेआठच्या सुमाराला काठ्या-कुऱ्हाडींनी मारहाण, एकाचा मृत्यू. मुख्य साक्षीदार गावातला पिठाच्या गिरणीचा मालक. साठीच्या पुढचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांनी आधी घेतलेल्या साक्षीत, त्यानं स्वच्छ सांगितलं: गिरणीसमोरच्या खांबावरचा बल्ब चालू होता, त्या उजेडात त्यानं माझ्या दोन्ही अशिलांना पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या घटनास्थळाच्या पंचनाम्यातही खांब होता, बल्ब होता, अंतर पंधरा फूट.

उलटतपासात मी विचारलं, त्या वेळी तुम्ही कुठे होता? म्हणाला, ओट्यावर बसलो होतो. गिरणी चालू होती? नाही, बंद होती. रोज रात्री नऊपर्यंत चालते ना? चालते की, पण त्या आठवड्यात आमच्याकडे संध्याकाळचं लोडशेडिंग होतं.

एवढं बोलून तो थांबला. टायपिंग थांबलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. बल्बाचा प्रश्न मी विचारायच्या आतच त्याच्या चेहऱ्यावर आला होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, ‘पण बल्ब होता साहेब. मला अजून दिसतोय.’

हे ‘अजून दिसतोय’ मी विसरलेलो नाही. तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्या खांबाखाली बल्बाच्या उजेडात तो वर्षानुवर्षं बसला होता. त्या एका रात्रीच्या अंधारात बाकीच्या शेकडो रात्रींचा उजेड मिसळून गेला. त्यात दुसऱ्या दिवशीच्या पंचनाम्यानं ‘खांबावर एक बल्ब’ असं कागदावर आणलं आणि शिक्कामोर्तब झालं. वीज उपकेंद्राचं लॉगबुक मागवलं, तर गावाला वीज देणारा फीडर त्या वेळी बंदच होता. माझे अशील सुटले. पायऱ्या उतरताना तो म्हातारा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ‘वकीलसाहेब, आवाज मात्र त्यांचाच होता.’ आवाजाबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ना पोलिसांनी, ना सरकारी वकिलांनी. मी विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. ते दोघे तिथे होते की नव्हते, हे मला आजही माहीत नाही.

आठवण ही कपाटात ठेवलेली फोटोची प्रत नसते. दर वेळी सांगताना माणूस ती नव्यानं रचतो आणि रचताना हाताशी असलेलं सामान वापरतो. त्या सामानात नंतर ऐकलेलं असतं, पेपरात वाचलेलं असतं, आणि विचारणाऱ्याच्या प्रश्नातलंही असतं. १९७४ मध्ये अमेरिकेत लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? इतरांना तोच प्रश्न, फक्त ‘लागल्या’च्या जागी ‘आदळून चुरा झाल्या’ अशा अर्थाचा शब्द. आठवड्यानंतर सगळ्यांना विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. तरी जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना त्या ‘आठवल्या’. सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी सात जणांना. आता आपलं पोलीस ठाणं डोळ्यांसमोर आणा. ‘त्याच्या हातात काही होतं का?’ हा एक प्रश्न झाला. ‘सुरा कुठल्या हातात होता?’ हा अगदीच वेगळा प्रश्न. जबाबात मात्र प्रश्न लिहिलेलाच नसतो, फक्त उत्तर असतं.

जबाबांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण खरी मेख तिथेच आहे. तपासी अंमलदारासमोरच्या जबाबाची सुरुवात ‘समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की’ अशी होते आणि शेवट ‘माझा जबाब माझे सांगणेप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो बरोबर व खरा आहे’ असा. मधला मजकूर कुणाच्या भाषेत असतो ते ज्यानं त्यानं ताडावं. भाजी विकणाऱ्या बाईच्या तोंडी ‘सदर इसमाने त्याचे जवळील धारदार हत्याराने’ असं वाक्य मी किती वेळा वाचलंय याची गणती नाही. एका खटल्यात पाच साक्षीदारांच्या जबाबांत ‘झटापट’ हा शब्द एकाच पद्धतीनं चुकलेला होता. पाचही जणांचं शुद्धलेखन एकाच जागी घसरतं, याचा अर्थ काय ते न्यायाधीशांना समजावून सांगावं लागलं नाही. आणि जवळपास प्रत्येक जबाबात ते ठरलेलं वाक्य असतंच: ‘सदर इसमास पुन्हा पाहिल्यास मी ओळखू शकेन.’ वर्णन काय? वय अंदाजे २५ ते ३०, बांधा मध्यम, रंग सावळा, उंची साडेपाच फूट. या वर्णनाची वीस माणसं एसटी स्टँडवर कुठल्याही वेळी मिळतील.

इथे एक भेद नीट लक्षात घ्यायला हवा, तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ओळखीच्या माणसाला ओळखणं आणि अनोळखी माणसाला ओळखणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेजारी, चुलत भाऊ, रोजचा दूधवाला यांना माणूस चालीवरून, खोकल्यावरूनही ओळखतो. तिथे प्रश्न चुकीपेक्षा मुद्दाम गोवण्याचा असतो. अनोळखी चेहरा मात्र काही सेकंद दिसलेला असतो, तोही घाबरलेल्या अवस्थेत, आणि हातात शस्त्र असेल तर नजर चेहऱ्यावर नाही, शस्त्रावर खिळलेली असते. सुऱ्याच्या मुठीचा रंग सांगणारे आणि भुवया विसरलेले साक्षीदार मी पाहिलेत. ताईचा मामला या दुसऱ्या प्रकारातला, म्हणून एवढं पाल्हाळ.

अनोळखी आरोपीसाठी ओळख परेड असते, म्हणजे रांगेत उभ्या माणसांतून साक्षीदारानं आरोपी ओळखून दाखवायचा. ती पोलीस घेत नाहीत, कार्यकारी दंडाधिकारी घेतात, बहुतेक वेळा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, कारागृहात. एक आरोपी असेल तर त्याच्यासोबत निदान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं, उभे करायचे, दोन असतील तर दहा-बारा, आणि एका परेडला दोनपेक्षा जास्त आरोपी शक्यतो नकोत, असं आमच्या उच्च न्यायालयाची फौजदारी नियमपुस्तिका सांगते. डमी वयानं, बांध्यानं, रंगानं आरोपीसारखे हवेत. कागदावर सगळं ठीक असतं. एका परेडच्या पंचनाम्यात सगळं नियमाप्रमाणे लिहिलं होतं. उलटतपासात त्या अधिकाऱ्याला मी एवढंच विचारलं, की डमींच्या पायांत काय होतं? म्हणाले, बूट, चपला, ज्याचं जे होतं ते. आणि आरोपीच्या? आठवून म्हणाले, स्लीपर. डमींच्या पँटला पट्टे होते? असतील. आरोपीच्या? कारागृहात पट्टा ठेवू देत नाहीत. दाढी? आरोपी तीन आठवडे कोठडीत होता, डमी सकाळी बाजारपेठेतून आणलेले, गुळगुळीत. साक्षीदारानं हल्लेखोर ओळखला की कैदी ओळखला, एवढाच प्रश्न उरला.

हल्ली याहून मोठी पंचाईत झाली आहे ती मोबाइलची. आरोपी पकडला की संध्याकाळपर्यंत फोटो गावभर फिरतो: मध्ये खाली बसलेला आरोपी, मागे छाती काढून उभं पथक, वर ‘दमदार कामगिरी’. तोंडावर रुमाल असला तर नशीब. साक्षीदाराच्या मोबाइलवर तो फोटो चार ग्रुपवरून येतो आणि आठवड्यानं तीच बाई परेडला जाते. तिच्या डोळ्यांसमोर आता कुठला चेहरा आहे, त्या रात्रीचा की फोटोतला, हे तिचं तिलाही सांगता येणार नाही. पथकाला कौतुकाची हौस असते हे मान्य, पण आपल्याच खटल्याच्या मुळावर आपण कुऱ्हाड घालतोय हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

कायदा म्हणतो की परेड हा मूळ पुरावा नव्हे, फक्त तपासाला दुजोरा. मूळ पुरावा म्हणजे न्यायालयात शपथेवर दाखवलेलं बोट. गंमत पाहा. मानसशास्त्राच्या हिशेबानं घटनेनंतर लवकरात लवकर झालेली पहिली ओळख सगळ्यात मोलाची आणि सहा वर्षांनी कोर्टात दाखवलेलं बोट सगळ्यात हलकं. कोर्टात तर आरोपी कोण हे सांगावंही लागत नाही. मागच्या बाकावर दोन पोलिसांच्या मध्ये बसलेला माणूस आणखी कोण असणार? सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्ये कानन विरुद्ध केरळ या खटल्यात म्हटलंय की साक्षीदार आरोपीला आधी ओळखत नसेल आणि परेडही झालेली नसेल, तर कोर्टात पहिल्यांदाच पटवलेल्या ओळखीला किंमत नाही. पुढच्या काही निकालांनी हा नियम थोडा सैल केला, पण पाया तोच आहे.

हे सगळं किती महागात पडू शकतं, याचं आपल्याकडचं उदाहरण नाशिकचं. जून २००३ मध्ये एका पेरूच्या बागेतल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला, पाच जण मारले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. घरातली एक स्त्री आणि तिचा मुलगा वाचले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली, दोघांनी त्यांना ओळखलं, २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. मग फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष ठरवलं. कारण कागदपत्रांतच होतं: घटनेनंतर लगेच, आठवण ताजी असताना, त्या स्त्रीनं पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांवर बोट ठेवलं होतं. त्या चौघांचा तपासच झाला नाही. न्यायालयानं प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सोळा वर्षं गेली होती. ती बाई खोटं बोलली असं मला अजिबात वाटत नाही. जिच्यासमोर पाच माणसं गेली, तिच्या मनात त्या रात्रीनंतर चेहऱ्यांचं काय झालं असेल? दोष पहिली ओळख बाजूला सारून दुसरी पुढे केली त्यांचा.

मग डोळ्यांच्या साक्षीवर विश्वास ठेवूच नये का? असं म्हणणारा मी नाही. कानानं ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं यात चार बोटांचं अंतर म्हणतात, ते अंतर आहेच. खेड्यात सीसीटीव्ही नसतो, अंगणात रक्त पावसानं धुऊन जातं, न्यायवैद्यक अहवाल वर्षभर येत नाही. साक्षीदार नाकारले तर निम्मे खून विनाशिक्षा राहतील. कायदा साक्षीदारांची संख्याही मागत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १३४, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष अधिनियमाचं १३९. एका साक्षीदारावर खुनाची शिक्षा होऊ शकते. १९५७ च्या वडिवेलू थेवर निकालात सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदारांच्या तीन जाती सांगितल्या: पूर्ण भरवशाचा, अजिबात भरवशाचा नसलेला आणि मधला. पहिल्या दोघांचा निकाल सोपा, मधल्याला दुजोरा लागतो. माझा अनुभव असा की माणसं जवळजवळ सगळी मधलीच असतात.

जवळच्या नातेवाइकाची साक्ष म्हणून ती खोटी, हा बचावाचा आवडता युक्तिवादही फार टिकत नाही. स्वतःच्या भावाच्या खऱ्या मारेकऱ्याला सोडून दुसऱ्याला कोण अडकवेल, असं न्यायालय १९५३ पासून विचारत आलंय. मीही तो युक्तिवाद करतो. धंदाच आहे. पण पटतो क्वचितच.

किरकोळ विसंगतींचंही तसंच. काठी उजव्या हातात की डाव्या, आठ वाजले होते की सव्वाआठ, यावर तासभर उलटतपास घेणारे तरुण वकील पाहिले की मला माझे जुने दिवस आठवतात. साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणशक्तीची अपेक्षा ठेवू नका, वेळ आणि अंतर लोक अंदाजानंच सांगतात, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्येच, भरवाडा भोगीनभाई या गुजरातच्या खटल्यात, सांगून ठेवलंय. उलट चार साक्षीदार शब्दन् शब्द सारखं बोलले की मला संशय येतो.

साक्ष कधी पक्की आणि कधी पोकळ, हे पाहायचं असेल तर २६/११ च्या खटल्यासारखा धडा नाही. कसाबला अनेकांनी ओळखलं, त्यात पायाला गोळी लागलेली एक लहान मुलगीही होती. पण शिक्षा त्या बोटांवर एकटी उभी नव्हती. सीएसटीवर वृत्तछायाचित्रकारानं टिपलेले फोटो होते, सीसीटीव्ही होतं, शस्त्रं आणि गोळ्यांचा मेळ होता, आणि तो गिरगाव चौपाटीवर जिवंत पकडला गेला होता. साक्षीदार आणि वस्तू एकमेकांना धरून उभ्या होत्या. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपीही होते. त्यांनी नकाशे पुरवले हे नेपाळमध्ये आपल्या डोळ्यांनी पाहिलं, असं सांगणारा साक्षीदार आला. नकाशा मारल्या गेलेल्या दहशतवाद्याच्या खिशात सापडला म्हणे, पण कपडे रक्तानं माखलेले असताना नकाशा स्वच्छ होता. न्यायाधीश टहलियानींनी त्या दोघांना सोडलं आणि वरच्या दोन्ही न्यायालयांनी ते कायम ठेवलं. देश खवळलेला होता, तरी एका कागदाच्या कोरेपणापुढे डोळ्यांची साक्ष टिकली नाही. मला त्या निकालातलं हे पान फाशीच्या पानाइतकंच मोठं वाटतं.

आता ताईबद्दल. ओळखता आलं नाही तर तिनं ‘ओळखता येत नाही’ एवढंच सांगावं. सरकारी वकील कदाचित न्यायालयाची परवानगी घेऊन तिला उलट प्रश्न विचारतील, तिला ‘फितूर’ म्हणून जाहीर करतील. शब्द वाईट आहे, पण तो गुन्हा नाही. गुन्हा जाणूनबुजून खोटं बोलण्यात आहे, विसरण्यात नाही. तिनं चेहरा सांगितला नाही तरी हल्ला कुठे झाला, किती जण होते, ते कुठल्या दिशेनं पळाले, हे ती सांगू शकते आणि न्यायालय तेवढा भाग वापरू शकतं. कुणी धमकावत असेल तर गोष्ट वेगळी. साक्षीदारांना संरक्षण देणारा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१७ चा आहे, लेखी अर्ज करावा.

साक्षीच्या आधी सरकारी वकील तिचा जबाब वाचायला देतील. वाचायला हरकत नाही. पण वाचून झाल्यावर डोळे मिटून विचारावं, यातलं मला काय आठवतंय आणि काय आत्ता कळलं? बचावाच्या वकिलानं ‘जबाब वाचून आलात का?’ विचारलं तर ‘हो’ म्हणावं. नाही म्हणून काही फायदा नाही, उलट तेवढंच धरून आमच्यासारखे पुढचा अर्धा तास खातात. न समजलेल्या प्रश्नाला उत्तर देऊ नये, पुन्हा विचारायला सांगावं. ‘मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणं खरं नाही’ असं वाक्य शेवटी तिच्या नावे लिहिलं जाईल. त्यानं चिडू नये, ते प्रत्येकाच्या साक्षीच्या शेवटी असतं.

आणि एक. साक्षीदारांना कोर्टाबाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसावं लागतं. त्याच व्हरांड्यातून आरोपीला आणतात. शेजारी बसलेलं कुणीतरी कोपरानं ढोसून ‘तो बघ, तोच’ असं म्हणतंच म्हणतं. तसं झालं तर आत गेल्यावर, कुणी विचारो वा न विचारो, ते न्यायाधीशांना सांगून टाकावं.